‘मुलांना संशयखोर करू नका’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एक दिवस तशीच ठेवली आणि मग उत्तर लिहायला बसले. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी लोकांनी आपापल्या रेडिओ स्टेशनवरून एकमेकांशी बोलण्याच्या छंदाच्या, निमित्ताने मुलांना चिकित्सक विचार कसा शिकवते, यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. एक, खरखरीचा प्रयोग करताना मी मुलांशी खोटं बोलले. दोन, ‘लगेच विश्वास ठेवू नका’ असं सारखं शिकवलं की मुलं कुणावरच विश्वास ठेवेनाशी होतात. अफवा पसरवणारेही आज ‘आम्ही स्वतः शोध घेतलाय’ असंच म्हणतात. तीन, रेडिओत मीटर असतो, तो खरं काय ते दाखवतो. आयुष्यातल्या प्रश्नांना मीटर नसतो, म्हणून या छंदातून विवेक शिकवण्याचा दावा फुगवलेला आहे. तुम्ही अनेक वर्षं वर्गात शिकवलंय, असंही लिहिलंत. म्हणूनच हे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली हरकत मला पूर्ण मान्य आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगते. रिसीव्हर रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावून मी नुसती खरखर रेकॉर्ड केली होती. मोर्स म्हणजे ठिपके आणि रेघांची सांकेतिक लिपी. अर्ध्या मुलांना सांगितलं, ‘नीट ऐका, यात मोर्समध्ये एक अक्षर पुन्हा पुन्हा येतंय.’ उरलेल्यांना फक्त ‘जे ऐकू येईल ते लिहा’ म्हटलं. पहिल्या गटातल्या बऱ्याच जणांनी अक्षरं लिहिली, आणि मग मी जाहीर केलं की त्यात काहीच नव्हतं. हे सगळं मी उत्साहाने लिहिलं, पण एक गोष्ट लिहिली नाही. एका मुलाने वळणदार अक्षरात तीन अक्षरं लिहिली होती, शेजारी ठिपके आणि रेघाही काढल्या होत्या. ‘काहीच नव्हतं’ हे ऐकल्यावर त्याने कागदावर हात ठेवला. मग कागदाची घडी घातली, तिचीही घडी घातली आणि खिशात टाकली. पुढचा तासभर तो गप्प होता. आपले कान फसू शकतात हे तो शिकला की नाही, कोण जाणे. ताई फसवू शकते एवढं मात्र नक्की शिकला. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तोच आठवला.

तुमचं पत्र यायच्या आधीच मी प्रयोग बदलला होता, पण लेख दुरुस्त केला नव्हता. आता तो असा चालतो. दहा तुकडे वाजणार, काहींत क्षीण मोर्स अक्षर, काहींत नुसती खरखर, हे सगळ्यांना आधीच सांगते. क्रम एक मुलगी चिठ्ठ्या टाकून ठरवते, तुकडे तीच लावते, आणि क्रमाचा कागद पाकिटात बंद असतो. कुठला तुकडा चालू आहे हे मलाही ठाऊक नसतं. मीही कागद घेऊन मुलांच्यात बसते. प्रत्येक तुकड्यापुढे दोन गोष्टी लिहायच्या: काय ऐकू आलं, आणि खात्री किती, १ ते ५ मध्ये. पाकीट उघडण्याआधी पेनं खाली.

पहिल्याच वेळी सातव्या तुकड्यापुढे मी ‘के’ लिहिलं, रेघ-ठिपका-रेघ, खात्री ४. सातव्या तुकड्यात खरखरीशिवाय काही नव्हतं. मुलांनी कारण विचारलं, तेव्हा बसून विचार केला. मोर्सवर बोलताना आपलं बोलणं संपलं की शेवटी ‘के’ देतात, म्हणजे ‘आता तुम्ही बोला’. इतकी वर्षं प्रत्येक संभाषणात माझा कान त्या ‘के’ची वाट पाहत आलाय. वाट पाहणाऱ्याला तो ऐकू येणारच.

हा प्रकार आमच्या छंदाच्या जन्माइतका जुना आहे. १२ डिसेंबर १९०१ला बिनतारी संदेशांचा प्रणेता मार्कोनी आजच्या कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या सिग्नल हिलवर पतंगाला बांधलेल्या तारेला टेलिफोनचा इअरपीस जोडून बसला होता. समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये, कॉर्नवॉलमधल्या पोल्ढूहून, साधारण साडेतीन हजार किलोमीटरवरून, ठरलेल्या वेळी ‘एस’ हे अक्षर पाठवलं जात होतं, म्हणजे तीन ठिपके. मार्कोनीला ते ऐकू आले, आणि इअरपीस हातात दिल्यावर त्याचा सहायक केम्प यालाही. कागदी पट्टीवर नोंद नव्हती. काय ऐकायचं हे दोघांनाही आधीच माहीत होतं, आणि हवेतल्या विजेची कडकड ठिपक्यांसारखीच वाजते. शिवाय वेळ दुपारची, जवळपास सगळ्या मार्गावर ऊन. त्याने वापरल्या तशा मध्यम लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या थरात मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात. म्हणून त्या दिवशी त्याने खरंच काय ऐकलं, हा वाद अजून चालू आहे.

मुलांना मी हे सांगते ते मार्कोनीला खोटं पाडायला नव्हे. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याने पुढे काय केलं. फेब्रुवारी १९०२मध्ये तो ‘फिलाडेल्फिया’ या जहाजावर रिसीव्हर घेऊन चढला. या वेळी सिग्नल कागदी पट्टीवर उमटत होते आणि जहाजाचा कप्तान साक्षीला होता. रात्री संपूर्ण संदेश सुमारे २५०० किलोमीटरपर्यंत आले, ‘एस’ त्याहूनही पुढे. दिवसा मात्र ११०० किलोमीटरच्या आसपास सगळं थांबलं. म्हणजे त्याच्या स्वतःच्या जास्त चोख प्रयोगानेच त्याच्या आधीच्या दाव्यावर शंका घ्यायला आधार दिला. माझ्या मते तो जहाजावरचा प्रवास टेकडीवरच्या त्या दुपारपेक्षा मोठा आहे.

आणि १९२१चा डिसेंबर. हौशी लोकांची छोटी स्टेशनं अटलांटिक ओलांडू शकतात का, हे बघायला अमेरिकन हौशींच्या संघटनेने पॉल गॉडली याला स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसनला पाठवलं. तिथे तो तंबूत बसून ऐकत होता. सोबत साक्षीदार म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक होता, म्हणजे ज्याला हौशींचं यश मिरवायचं काही कारण नव्हतं असा माणूस. पाठवणाऱ्या स्टेशनांना वेगवेगळी सांकेतिक अक्षरं दिलेली होती, त्यामुळे ऐकलेलं नंतर यादीशी ताडता येत होतं. कनेटिकटमधल्या ग्रिनिचच्या १बीसीजी या स्टेशनचा तर बारा शब्दांचा पूर्ण संदेश उतरवून घेतला गेला. तीन ठिपके भास म्हणून ऐकू येऊ शकतात. बारा शब्द, तेही नावांसकट, खरखरीतून कुणी घडवू शकत नाही. वीस वर्षांच्या अंतराने तोच समुद्र, जवळपास तीच तारीख, आणि दाव्याच्या भक्कमपणात किती फरक! हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की ‘पुरावा म्हणजे काय’ यावर मला फार बोलावं लागत नाही.

आता तिसरी हरकत. रेडिओत मीटर असतो, खरं आहे. पण मीटर सत्य दाखवतो, हे मला मान्य नाही.

अँटेना लावली की आम्ही एसडब्ल्यूआर बघतो. पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत उलटून येते, याचं ते माप. आकडा १ला जितका जवळ तितकं चांगलं, असं नवशिक्यालाही सांगितलं जातं. एका पावसानंतर माझा आकडा १.८वरून १.२वर आला. मी लॉगबुकात, म्हणजे स्टेशनच्या नोंदवहीत, लिहिलं, ‘अँटेना सुधारली’. पुढचे काही महिने लांबची स्टेशनं कमी लागत होती, आणि मी त्याचं खापर सूर्यावर फोडत राहिले. सौर हालचालींवर लहरींचं जाणं-येणं खरोखर अवलंबून असतं, त्यामुळे ते कारण सुचायला सोपं आणि खोडायला अवघड होतं.

मग एका शनिवारी मुलांना डमी लोड दाखवत होते. डमी लोड म्हणजे ५० ओहमचा एक दणकट रेझिस्टर. ट्रान्समीटर तपासताना सिग्नल बाहेर जाऊ नये म्हणून अँटेनाच्या जागी तो लावतात. सगळी शक्ती त्यात उष्णता होऊन जाते. मीटरवर १.० आलं. मी म्हटलं, ‘बघा, आकडा उत्तम, आणि बाहेर जवळजवळ काहीच जात नाहीये.’ पाचवीतली एक मुलगी डब्याला हात लावून म्हणाली, ‘गरम होतोय.’ मग थोडं थांबून, ‘ताई, म्हणजे परत आलं नाही एवढंच कळतं. गेलं कुठे ते नाही कळत.’

त्याच संध्याकाळी मी छपरावरची केबल खाली उतरवली. जोडाजवळ आत पाणी शिरलं होतं, तांब्याची जाळी हिरवी पडली होती. या टोकाला ५० वॅट दिले तर त्या टोकाला १५ सुद्धा पोचत नव्हते. जाताना केबल खात होती आणि उलटून येणारंही तीच खात होती, म्हणून मीटरकडे परत काही येतच नव्हतं. याचा हिशोब साधा आहे. केबलमध्ये एका दिशेला निम्मी शक्ती गळत असेल, तर पलीकडे अँटेना मुळीच नसली तरी पाठवलेल्याच्या पाव हिस्साच परत येतो आणि मीटर ३च्या वर जात नाही. मीटर बिघडला नव्हता. त्याने जे मोजलं ते बरोबर मोजलं. मी त्यातून जे वाचलं ते तो सांगतच नव्हता.

म्हणून ‘आयुष्यात मीटर नसतो’ या वाक्याशी माझं भांडण आहे. आयुष्यात मीटर पुष्कळ असतात: मार्क, मतांचे कौल, जाहिरातीतले टक्के, किती जणांनी पुढे पाठवलं त्याचा आकडा. हा आकडा नेमकं काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे विचारण्याची सवय कुठून तरी लागावी लागते. ती गरम डब्याला हात लावून लागली, तर मला त्यात काही फुगवलेलं वाटत नाही.

दुसरी हरकत सर्वांत अवघड आहे. ‘स्वतः शोध घेतला’ म्हणणारे मलाही रोज भेटतात, आणि आमच्या छंदातही ते कमी नाहीत. त्यांच्यात आणि चांगल्या ऑपरेटरमध्ये मला फरक दिसतो तो लॉगबुकाचा. लॉग पेनाने लिहायचा, चुकलं तर एक रेघ मारायची, खोडरबर नाही. वेळ यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली वेळ), बँड (लहरींचा पट्टा), मोड (मोर्स की आवाज), कॉल साइन (स्टेशनचं ओळखनाव). संपर्क झाला असं मी एकटीने म्हणून चालत नाही. समोरच्याच्या लॉगमध्येही तीच वेळ आणि तेच कॉल साइन असावं लागतं. स्पर्धेत दोन्हीकडचे लॉग ताडतात आणि एक अक्षर चुकीचं उतरवलं तरी तो संपर्क बाद होतो. ‘माझ्या मनाला पटलं’ याला तिथे किंमत नाही. उलट एक वाईट सवयही आमच्याचकडे आहे, ती मुलांना मुद्दाम ऐकवते. स्पर्धेत जवळपास प्रत्येक जण समोरच्याला ‘फाइव्ह नाईन’ देतो, म्हणजे एकदम स्पष्ट आणि जोरदार, आणि लगेच ‘कॉल साइन पुन्हा सांगा’ म्हणतो. सगळे एकच बोलतात तेव्हा त्या बोलण्यातून काहीच कळत नाही, हे मुलं हसत हसत शिकतात.

पण यातून अविश्वास शिकवला जातो का? मी आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओ लहरी परत वळवणारा वातावरणाचा वरचा थर, पाहिलेलं नाही, तरी रोज त्याच्या भरवशावर अँटेना चालवते. डिसेंबर १९२४मध्ये ॲपलटन आणि बार्नेट या शास्त्रज्ञांनी इंग्लंडमधल्या बोर्नमथहून सोडलेल्या लहरी ऑक्सफर्डला पकडून तो परावर्तक थर असल्याचं दाखवलं. तो प्रयोग मी केला नाही, करणारही नाही. त्यांच्यावर आणि नंतरच्या असंख्य लोकांवर विश्वास ठेवते. मुलांनाही तेच सांगते. त्यांना फक्त एक छोटा पडताळा करायला देते: साध्या रेडिओवर मध्यम लहरींवर भर दुपारी किती स्टेशनं लागतात ते लिहा, रात्री नऊला पुन्हा लिहा. ज्या शोषणाने मार्कोनीच्या दुपारवर शंका येते, ते सूर्य मावळल्यावर ओसरतं, हे त्यांच्या वहीत दिसतं. साखळीतली एक कडी स्वतःच्या हाताने ओढून पाहिलेली मुलं बाकीच्या कड्यांवर जास्त विश्वास ठेवतात, हा माझा अनुभव आहे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. रेडिओवर लागलेली सवय मोबाईलवर आपोआप जात नाही. मोर्समध्ये तरबेज झालेली मुलंही फोनवर आलेलं काहीबाही पुढे पाठवताना मी पाहिली आहेत. तिथे ती सवय नव्याने, त्याच विषयात शिकवावी लागते, आणि माझ्या मूळ लेखात हे कुठेच नव्हतं. आता दर महिन्याला एक तास त्यासाठी ठेवते. मागच्या वेळी तो जुना निरोप घेतला, ‘आज रात्री १२:३० ते ३:३० कॉस्मिक किरणं पृथ्वीजवळून जाणार, मोबाईल बंद ठेवा’ हा. मला वाटलं होतं किरणांवर चर्चा होईल. घडीवाला मुलगा, तो अजून येतो, फळ्याकडे बघून म्हणाला, ‘पण १२:३० कुठले? यूटीसी की आपले?’ आणि वर्ग दहा मिनिटं त्याच एका प्रश्नावर बोलत राहिला: हाच मजकूर सगळ्या देशांत फिरत असेल तर किरणं प्रत्येकाच्या घड्याळाप्रमाणे कशी येतील, आणि तारीख का नाही.

मूळ लेखातला खरखरीचा परिच्छेद आज बदलते आहे; जुना मजकूर पुसणार नाही, वर रेघ मारून खाली नवा लिहीन. तुम्हाला तुमच्या वर्गात दहा तुकड्यांचा प्रयोग करून बघायचा असेल तर आवाज पाठवते, कुठल्याही मोबाईलवर वाजतात. क्रम मात्र मुलांनाच ठरवू द्या, आणि तुमचाही कागद त्यांच्यात असू द्या. मुलं काय विचारतात ते मला जरूर कळवा.