कोणतं बटण दाबलं ते कळतं हो!

परवा भाचीने तिच्या कॅल्क्युलेटरचा कोड पाठवला. "मामा, बघ ना, आता बरोबर झालाय का?" आता? आठवड्यापूर्वी तो छोटासा होता आणि नीट चालत होता. या वेळी त्यात 'शून्य दाबलं', 'एक दाबलं' असं करत नऊपर्यंत दहा फंक्शनं (फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा). सगळ्यांच्या पोटात तोच कोड, फक्त आकडा वेगळा. का, विचारलं तर तिने एक पोस्ट पुढे केली. ती मलाही तीन ग्रुपांवर येऊन गेलीय: "अनेक बटणांना एकच फंक्शन लावणं ही नवशिक्यांची सवय." खाली पाच कारणं.

पहिलं कारण तर कहरच आहे. म्हणे, सामाईक फंक्शनला कोणतं बटण दाबलं ते कळत नाही, बटणावरचा मजकूर वाचून अंदाज बांधावा लागतो. अंदाज कसला? ब्राउझर प्रत्येक क्लिकसोबत फंक्शनच्या हातात एक इव्हेंट ऑब्जेक्ट, म्हणजे त्या क्लिकची माहिती, ठेवतो. त्यातलं 'टार्गेट' सांगतं क्लिक नेमकं कशावर झालं, 'करंटटार्गेट' सांगतं लिसनर (क्लिक झालं की चालणारं फंक्शन) कशावर बसवलाय. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या 'डॉम लेव्हल २ इव्हेंट्स' या शिफारशीत हे दोन्ही स्वच्छ लिहिलंय, आणि ती शिफारस आहे नोव्हेंबर २००० ची! बबलिंगही तिथेच आहे: क्लिक बटणावर थांबत नाही, बाहेरच्या घटकांकडे वर वर जातं. म्हणून दहा बटणांभोवतीच्या एका डिव्हला, म्हणजे चौकटीला, लिसनर लावला की दहाही क्लिक त्याच्यापर्यंत पोचतात. आकडा बटणावर जोडलेल्या आपल्या नोंदीत, म्हणजे त्याच्या डेटा-अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवायचा, फंक्शनमध्ये डेटासेटमधून वाचायचा. संपलं.

पोस्टकर्त्याची गाडी कुठे अडली असेल याचा मला संशय आहे. बटणात आयकॉन असला आणि बोट त्यावर पडलं, की टार्गेट बटण नसतं, आयकॉन असतो. तिथे 'क्लोजेस्ट' वापरून वरचं बटण शोधायचं, आणि दोन बटणांमधल्या रिकाम्या जागेवर क्लिक झालं असेल तर काहीच सापडत नाही, तेव्हा गुपचूप परत फिरायचं. दोन ओळींचं काम. आणि हे काही ब्राउझरपुरतंच नाही. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये एकसारख्या बटणांचा कंट्रोल अ‍ॅरे केला की इंडेक्स, म्हणजे बटणाचा क्रमांक, आपोआप हातात यायचा, विंडोज फॉर्म्समध्ये 'सेंडर' येतो, जावात 'गेटसोर्स' आहे.

दुसरं, "वेग कमी होतो." क्लिक माणूस करतो, सेकंदाला हजार वेळा नाही. पुढे.

तिसरं, "नंतर जोडलेली बटणं चालत नाहीत." हे तर नेमकं उलटं! पान उघडताना बटणाबटणाला लिसनर लावले तर नंतर आलेलं बटण मुकं राहतं. बाहेरच्या घटकावर लिसनर असेल तर नवं बटणही त्याच्याच कक्षेत येतं.

चौथं, "वेगवेगळी फंक्शनं दुरुस्त करायला सोपी." हे वाचून मात्र राग आला, कारण शिकणारी मुलं यावर विश्वास ठेवतात. भाचीने बारा अंकांच्या पुढे आकडा जाऊ नये अशी अट टाकली होती. दहा ठिकाणी टाकायची होती, नऊ ठिकाणी पडली.

पाचवं, "मोठ्या प्रोजेक्टमध्ये असं कोणी करत नाही." रिअ‍ॅक्ट ही वेबपानं बनवायची लायब्ररी बहुतेक इव्हेंटसाठी आतून हेच करते. पूर्वी ती लिसनर डॉक्युमेंटवर, म्हणजे अख्ख्या पानावर, बसवायची, २०२० मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून रूट घटकावर, म्हणजे तिचा सगळा मजकूर ज्यात बसतो त्या घटकावर, बसवते.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. 'जतन करा', 'पाठवा' आणि 'खातं बंद करा' यांचा एकमेकांशी संबंध नसताना तिघांना एकाच फंक्शनमध्ये कोंबून इफ-एल्सची शिडी उभारणारे लोक आहेत, आणि तो कोड वाचवत नाही. एकसारख्या कामाला एक फंक्शन, वेगळ्या कामाला वेगळं. शिवाय फोकस आणि ब्लर (घटक निवडला जाणं आणि सुटणं) बबल होत नाहीत, त्यांच्यासाठी फोकसइन आणि फोकसआउट वापरावे लागतात. आणि मध्येच कोणी 'स्टॉपप्रोपगेशन' लिहून ठेवलं असेल तर क्लिक वर पोचतच नाही. पण पोस्टमध्ये यातलं एकही अक्षर नाही.

भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिने जुना कोड परत काढलाय. नव्या कोडमधलं सातचं बटण अजून तेरावा अंक घेतं, ते मात्र सांगितलं नाही. तिचं तिला सापडतंय का बघतोय.