जंताच्या गोळीने सगळं भागत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: 'केमो, स्टेरॉइड किंवा एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांचं गोड बंद करा. वर्षातून दोनदा जंताची गोळी द्या. शौचाचा रिपोर्ट नॉर्मल आला की काळजी मिटली. पाणी क्लोरीनचं असलं की झालं.' हेतू चांगला असेल, पण अशा मुलांच्या बाबतीत हे अंगाशी येऊ शकतं.

गोडाचं आधी उरकू. साखरेने जंत होत नाहीत. ते माती, दूषित पाणी आणि न धुतलेल्या हातांतून येतात. केमोने तोंडाची चव गेलेल्या पोराच्या पुढ्यातला शिरा कशाला उचलता?

गोळी म्हणजे अल्बेंडाझोल, अंगणवाडी-शाळेत जंतनाशक दिनी मिळते ती. गोलकृमी, आकडेकृमी यांवर ती चांगलीच आहे. पण या मुलांना जेरीस आणणारा क्रिप्टोस्पोरिडियम मुळात जंतच नाही, तो एकपेशीय परजीवी. धडधाकट मुलाचे जुलाब दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतात. सीडी४ या प्रतिकारशक्तीच्या पेशी फार घटलेल्या मुलाला मात्र महिनोन्‌महिने पाण्यासारखे होत राहतात, वजन उतरत जातं. त्यावर ही गोळी चालत नाही. नायटाझोक्सानाइड या क्रिप्टोस्पोरिडियमवरच्या औषधाचाही एचआयव्हीत भरवसा नाही. तिथे खरा आधार एआरटीचा (एचआयव्हीवरच्या औषधांचा), म्हणजे प्रतिकारशक्ती वर आणण्याचा. उलट सिस्टोआयसोस्पोरा हा दुसरा एकपेशीय परजीवी कोट्रायमॉक्साझोल या साध्या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो. म्हणजे पोटात नेमका कोण बसलाय ते आधी कळायला हवं. शिवाय अल्बेंडाझोल बरेच दिवस दिलं तर क्वचित पांढऱ्या पेशी घटतात. केमोच्या मुलाला मनाने देऊच नका.

आता रिपोर्ट. क्रिप्टो (म्हणजे क्रिप्टोस्पोरिडियम) जेमतेम 4 ते 6 मायक्रॉनचा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या स्लाइडवर यीस्ट समजून नजरेतून सुटतो. सुधारित अ‍ॅसिड-फास्ट रंग दिला की निळ्या किंवा हिरव्या पार्श्वभूमीवर गुलाबी-लाल गोळे उठून दिसतात. पण हा रंग मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. डॉक्टरांकडून फॉर्मवर 'केमो चालू, क्रिप्टोसाठी पाहावे' असं लिहून घ्या, आणि एकाच नमुन्यावर थांबू नका. वेगवेगळ्या दिवशीचे तीन द्या.

क्लोरीनचं म्हणाल, तर 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून सुमारे 4 लाख लोकांना क्रिप्टो झाला. पाणी खळखळून उकळा. सॅनिटायझरनेही तो मरत नाही, हात साबणानेच धुवा.

सगळ्यात घातक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. स्ट्राँगिलॉइड्स या जंताच्या अळ्या मातीतून अनवाणी पायांतून शिरतात आणि आतड्यातल्या आतड्यात पुन्हा पुन्हा संसर्ग करत वर्षानुवर्षं राहतात. स्टेरॉइड सुरू झालं की त्या बेसुमार वाढून फुफ्फुसांपर्यंत पसरतात, जाताना आतड्यातले जीवाणूही रक्तात नेतात. यावर अल्बेंडाझोलचा एक डोस अपुरा पडतो. पहिली पसंती आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या दुसऱ्या औषधाला, तेही वजन पाहून. मूल अनवाणी मातीत खेळत असेल, तर स्टेरॉइडचा मोठा कोर्स सुरू होण्याआधीच डॉक्टरांना सांगा.