बुलेट ‘1932 पासून तशीच’ आहे म्हणे!

‘1932 पासून एक नटही न बदललेली, दुसरं महायुद्ध गाजवलेली, अस्सल लोखंडी गाडी.’ बुलेटच्या फोटोखाली ही ओळ असलेला मेसेज अधूनमधून फिरत येतोच. त्यातलं 1932 तेवढं बरोबर, तेही नावापुरतं.

आधी ‘तशीच’ बघू. इंग्लंडमधल्या रेडिचला रॉयल एनफिल्डच्या कारखान्यात बनलेल्या त्या पहिल्या बुलेटचं इंजिन पुढे कललेलं होतं, पुढच्या चाकाला गर्डर फोर्क (जुन्या पद्धतीचा, स्प्रिंग लावलेला दांड्यांचा सांगाडा) आणि मागे शॉकअपचा पत्ताच नाही. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो ती युद्धानंतरची, 1948-49ची. टोनी विल्सन-जोन्स या इंजिनिअरने तिला मागे स्विंग आर्म दिला, म्हणजे मागचं चाक वर-खाली हलू देणारा दांडा. खडकाळ, चिखलाच्या ट्रायल स्पर्धांमध्ये मागचं चाक चेसीला घट्ट बसवलेलं असेल तरच पकड मिळते, अशी तेव्हा अनेकांची पक्की समजूत, त्यामुळे नाकं मुरडली गेली. त्याच 1948मध्ये इटलीतल्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये बुलेटवाल्यांनी दोन सुवर्णपदकं आणली. मग सगळेच स्विंग आर्मकडे वळले.

या बुलेटचं इंजिन सरळ उभं, सिलिंडरचा व्यास 70 आणि पिस्टनची धाव (स्ट्रोक) 90 मिलिमीटर, 346 सीसी. मला त्यात सगळ्यात आवडते ती ऑइलची सोय. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना ऑइलची वेगळी टाकी आणि तिच्याकडे जाणारे-येणारे पाइप असत. एनफिल्डने ऑइलचा कप्पा क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतच, ओतून घेतला. जोड कमी, म्हणजे गळायच्या जागाही कमी. (बुलेटखाली पुठ्ठा ठेवणाऱ्यांना हे पटणार नाही, पण तो दोष गास्केटचा आणि जोडणीचा, कल्पनेचा नव्हे.) गिअरबॉक्स क्रँककेसच्या पाठीला बोल्टने घट्ट, त्यामुळे प्रायमरी चेन (इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारी) ताणायला गिअरबॉक्स मागे सरकवायची भानगड नाही, चेनखालची पट्टी वर उचलली की झालं.

‘महायुद्ध गाजवलं’? युद्धात एनफिल्ड होती, बुलेट नव्हे. लष्कराला गेली ती डब्ल्यूडी/सीओ ही साधी 350, आणि पॅराशूटने खाली सोडायची 125 सीसीची फ्लाइंग फ्ली. गंमत म्हणजे ही फ्ली बेतली होती डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या गाडीवरून!

‘लोखंडी’ म्हणाल तर इंजिनात बाहेरून दिसणारा बिडाचा भाग फक्त सिलिंडर. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, क्रँककेसही अ‍ॅल्युमिनियमचा. तेव्हा बुलेटच्या ठोक्यांबद्दल ‘तो आवाज लोखंडाचा’ असं म्हणतात, तेही बाद. एकच सिलिंडर, लांब स्ट्रोक, जड फ्लायव्हील आणि कमी कॉम्प्रेशन, म्हणून इंजिन अगदी सावकाश फिरत राहतं. दर दोन फेऱ्यांना एक ठोका. 800 आरपीएमला मिनिटाला 400 ठोके पडतात, ते कानाला सुटे ऐकू येतात.

मद्रासमध्ये 1955ला एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि तिथे बनली ती ही युद्धानंतरची गाडी. पुढे तीही बदलली. जुन्या बुलेटचं टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघायला मिस्त्री गार इंजिनाचं झाकण काढून पुशरॉड, म्हणजे खालच्या कॅमकडून वरच्या व्हॉल्व्हला ढकलणारी काडी, दोन बोटांत धरतो: चुटकीसरशी गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. 2023ची बुलेट 350 घेऊन त्याच्याकडे गेलात तर बोटात धरायला पुशरॉडच नाही. कॅम वर हेडमध्ये गेलाय, व्यास-स्ट्रोकचं माप 72 बाय 85.8 झालंय, आणि थरथर मारायला बॅलन्सर शाफ्टही आत बसलाय.