कॅन, याकी लीबेत्साइट अन् आपला संबळ

'कॅन' हा जर्मन बँड लई अवघड, लई बौद्धिक, असं जो तो सांगतो अन् त्या धाकानंच आपल्याकडची पोरं तिकडं फिरकत नाहीत. नावापुढं 'एक्सपेरिमेंटल' लागलं की झालंच. माझं म्हणणं एकदम उलटं आहे, लातूर-धाराशिव पट्ट्यात वाढलेल्या माणसाला कॅन पिंक फ्लॉइडपेक्षा सोपा जायला पाहिजे. (हॉस्टेलवर निम्म्या पोरांच्या अंगात पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट असायचा, गाणी किती जणांनी ऐकली होती ते सोडा.)

भीती कुठून आली ते कळतं म्हणा. १९६८ ला कोलोनमध्ये बँड उभा राहिला तेव्हा इर्मिन श्मिट अन् होल्गर चुकाय दोघंही तिशीला टेकलेले, दोघंही स्टॉकहाउझन ह्या नव्या वळणाच्या जर्मन संगीतकाराकडं शिकलेले. श्मिट १९६६ ला न्यूयॉर्कला गेला होता ऑर्केस्ट्रा कंडक्टरांच्या स्पर्धेसाठी अन् तिथं टेरी रायली वगैरे मंडळींच्या नादी लागला, एकच छोटा तुकडा परत परत वाजवून त्यातनं संगीत उभं करणारी माणसं ती. (हाच रायली पुढं १९७० ला किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला, म्हणजे धागा कुठून कुठं जातो बघा.) गिटारवाला मिखाएल कारोली चुकायचा विद्यार्थी, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, अन् त्यानंच बीटल्स ऐकवून गुरुजींना रॉककडं ओढलं.

पण माझ्या लेखी बँडचा खरा धनी ड्रमवाला, याकी लीबेत्साइट. आधी फ्री जॅझ वाजवायचा, तिथं ठेका धरून ठेवायचीच चोरी, त्याला कंटाळून हा इकडं आला अन् मग जे एक चक्र पकडायचा ते पंधरा पंधरा मिनिटं सोडायचा नाही. 'तागो मागो' ह्या दोन तबकड्यांच्या रेकॉर्डमधलं 'हालेलुवा' ऐका, साडेअठरा मिनिटं, ठेका जवळपास तोच. पहिल्यांदा वाटतं की ह्याला पुढं काही येतच नाही का, कामून एकच लावलंय, अन् सातव्या-आठव्या मिनिटाला कधीतरी आपली मान हलायला लागलेली असते. तुळजापूरला गोंधळात संबळ लागतो तेव्हा काय होतं? संबळवाला काही दर मिनिटाला नवीन करून दाखवत नाही, तेच धरून ठेवतो अन् त्यावर बाकीचे चढत जातात, अन् बसलेला माणूस न सांगता डोलायला लागतो. 'बोअर आहे, बदल नाही' म्हणून कुणी गोंधळातनं उठून जात नाही. मग कॅनलाच कामून बोअर म्हणायचं?

दुसरं म्हणजे ह्यांच्यात पुढारी नव्हता. गाण्याचं श्रेय सगळ्यांच्या नावावर. पहिले रेकॉर्ड नोर्व्हेनिखच्या एका गढीवजा वाड्यात झाले, नंतर वायलर्सविस्ट गावातलं जुनं सिनेमा थिएटर घेतलं अन् आवाज घुमू नये म्हणून भिंतींना मिलिटरीच्या गाद्या ठोकल्या. तिथं तासन् तास वाजवायचं, टू-ट्रॅकच्या टेपवर सगळं घ्यायचं, मग चुकाय बसून ती टेप कापून जोडून गाणं काढायचा. आज लॅपटॉपवर लूप कापणारा प्रत्येक पोरगा हेच करायलाय, फक्त त्याच्या हातात ब्लेड नाही.

गायकांचं तर विचारूच नका. पहिला माल्कम मूनी हा अमेरिकन शिल्पकार, तो तब्येत बिघडून परत गेला. मग १९७० ला म्युनिकच्या रस्त्यावर एक जपानी पोरगं गाताना चुकाय अन् याकीला दिसलं अन् त्याच रात्री त्याला स्टेजवर उभं केलं, रिहर्सल नाही काही नाही. तो दामो सुझुकी. इंग्रजी, जर्मन, जपानी अन् स्वतःच्याच कुठल्या तरी भाषेत जे तोंडाला येईल ते गायचा. 'तागो मागो' १९७१, 'एगे बाम्यासी' १९७२ (कव्हरवर भेंडीचा डबा आहे, खरंच), 'फ्यूचर डेज' १९७३, तीन वर्षांत तीन असले रेकॉर्ड. अन् अवघड म्हणता तर 'स्पून' हे गाणं जर्मन टीव्हीवरच्या थ्रिलर मालिकेचं होतं, तिकडं टॉप टेनमध्ये गेलं! १९७३ ला दामो बँड सोडून गेला, नंतरचे रेकॉर्ड मी फारसे लावत नाही, चाहत्यांनी राग मानू नये.

प्रभावाची यादी सगळेच देतात, द फॉल बँडनं १९८५ ला दामोच्या नावाचंच गाणं केलं, रेडिओहेड बँडनं कॅनचं 'थीफ' वाजवलं, रॅपर कान्ये वेस्टनं २००७ ला कॅनच्याच 'सिंग स्वान साँग' चा तुकडा उचलला. ठीक आहे. मला त्यापेक्षा दामोनं नंतर काय केलं ते मोठं वाटतं, गावोगाव जायचं, तिथले जे वाजवणारे भेटतील त्यांच्यासोबत न ठरवता उभं राहायचं अन् गायचं, कॅन्सर झाल्यावरही. २०२४ च्या फेब्रुवारीत गेला. चुकाय अन् याकी दोघं २०१७ लाच गेले होते.

ज्याला ऐकायचंय त्यानं 'व्हिटॅमिन सी' पासून सुरू करा, साडेतीन मिनिटांचं आहे, मग 'हालेलुवा', पण हेडफोन लावून अन् मधी पुढं न ढकलता. 'तागो मागो' ची तिसरी बाजू मात्र घरचे लग्नाला गेले असतील तेव्हाच लावा, नाहीतर देवऋषी बोलावतील.