‘कॉन्क्लेव्ह’ पिक्चर बघून पोपची निवडणूक कळली असं समजू नका

पोप फ्रान्सिस 21 एप्रिल 2025 ला गेले तेव्हापासून आमच्या वसईच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, अजून थांबायचं नाव नाही. त्यात म्हटलंय की ‘कॉन्क्लेव्ह’ (म्हणजे पोप निवडायची बंद दाराआडची सभा) पिक्चर बघा, पोप अगदी असाच निवडतात. शूटिंगपण खऱ्या सिस्टिन चॅपलमध्ये (व्हॅटिकनमधलं, जिथे ही निवडणूक होते) झालंय, गुप्त कार्डिनल (पोप निवडणारे वरिष्ठ धर्मगुरू ते कार्डिनल) ऐनवेळी येऊन मत टाकू शकतो, निवडणूक चालवणारा डीन, म्हणजे कार्डिनलांचा प्रमुख, पोपच्या खोलीची झडती घेऊ शकतो, पैसे चारून पोप होता येतं, आणि आपल्या इकडच्यांना तिथे कोणी विचारत नाही. खाली ‘शंभर टक्के सत्य, सगळ्यांना पाठवा’.

मला हा पिक्चर प्रचंड आवडलाय. राल्फ फाइन्सचं काम बघून मी गप्प झालो होतो, आणि पटकथेला ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. पण कादंबरीवरून केलेल्या थ्रिलरला माहितीपट म्हणून पुढे ढकलणं बरोबर नाही, कारण आपलेच लोक, जे रविवारी मिस्साला येतात, तेपण आता पिक्चरमधली गोष्ट चर्चचा कायदा म्हणून सांगायला लागलेत. शेवट फोडत नाही, पण अधलंमधलं सांगावं लागेल, ज्यांनी बघितला नाही त्यांनी आधी बघून या.

शूटिंगचं आधी उरकतो. व्हॅटिकन सिस्टिन चॅपलमध्ये असलं शूटिंग करू देत नाही. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत सेट लावून ते सीन घेतलेत. विषय संपला.

आता गुप्त कार्डिनल. पिक्चरमध्ये काबूलचे बेनिटेझ दारात येऊन उभे राहतात, वारलेल्या पोपनी त्यांना गुपचूप कार्डिनल केलेलं असतं, पत्र दाखवतात आणि आत घेतलं जातं. पोप एखाद्याचं नाव मनात ठेवून कार्डिनल करू शकतो, हे खरं आहे. जिथे चर्चचा छळ होतो तिथल्या माणसाचा जीव धोक्यात येऊ नये म्हणून ही सोय. पण मत द्यायचा हक्क मिळतो तो पोपनी नाव कार्डिनलांसमोर जाहीर केल्यावरच, आणि जाहीर करण्याआधी पोप वारले तर ते कार्डिनलपद त्यांच्याबरोबरच संपतं. हे घडलंयसुद्धा! जॉन पॉल दुसरे यांनी 2003 मध्ये एक नाव असंच मनात ठेवलं, 2005 मध्ये ते गेले, नाव कधीच बाहेर आलं नाही, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत तो माणूस नव्हता. म्हणजे अख्खा पिक्चर ज्या माणसाभोवती फिरतो तो खऱ्या नियमांनी दाराच्या आतच येऊ शकला नसता. कथेसाठी ही सूट घेतली त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण मग ‘शंभर टक्के’ म्हणू नका ना.

खोलीची झडती. पोप वारले की त्यांच्या खोल्यांना सील लागतं आणि ते नवीन पोप आल्यावरच निघतं. पिक्चरमधले डीन लॉरेन्स (राल्फ फाइन्स) रात्री ते सील तोडून आत जातात, पलंगात लपवलेले कागद काढतात, त्याच्या झेरॉक्स सगळ्यांना वाटतात. तो सीन जबरदस्त आहे कारण ते नियम मोडतायत हे त्यांना स्वतःला माहीत आहे, ते आतून हललेत. मेसेजवाल्याने त्यातून ‘डीनला तसा अधिकार असतो’ असा अर्थ काढलाय, म्हणजे सीन समजलाच नाही. आणि मतदानाच्या वेळी डीन आत असतोच असंपण नाही. 2025 मध्ये डीन होते कार्डिनल रे, वय 91. आणि 80 च्या पुढच्यांना मत नसतं, आत जाता येत नाही, म्हणून आत सगळं 80 च्या आतल्यांत मानाने वरचे कार्डिनल पारोलिन यांनी चालवलं.

मग पैशाचा मुद्दा, जो सगळ्यात जास्त चघळला जातो. जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये जे नियम लिहिले त्यात मतांची खरेदी-विक्री करणारा ख्रिस्तसभेतून आपोआप बहिष्कृत, कोणी शिक्षा सुनवायची वाटपण बघावी लागत नाही. पण त्याच नियमात पुढे असंही आहे की निवड मात्र रद्द होत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दोनदा वाचलं. कारण असं की उद्या कोणीही उठून ‘पैसे दिले होते’ म्हणत नव्या पोपच्या निवडीवर बोट ठेवू नये आणि चर्च दोन तुकड्यांत फुटू नये. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी माणसाचा लोभ गृहीत धरलाय, डोळे झाकलेले नाहीत. एकमेकांशी बोलायला, कोण योग्य कोण नाही यावर चर्चा करायला बंदी नाही, पण ‘मी तुला मत देतो, तू मला हे दे’ असा करार केला तर तोच बहिष्कार. पिक्चरमध्ये मतांसाठी पैसे चारणारे कार्डिनल ट्रेम्बले म्हणूनच पोप व्हायला नालायक ठरतात, तिथे पैसे चारणं हा राजमार्ग म्हणून दाखवलेलाच नाही!

खरं नाट्य हवं असेल तर 1903 बघा. कार्डिनल राम्पोला आघाडीवर होते आणि क्राकोवचे कार्डिनल पुझिना यांनी उभं राहून ‘राम्पोला नकोत’ असा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार वाचून दाखवला, भर मतदानात, सगळ्या कार्डिनलांसमोर. निवडून आले दुसरेच, पायस दहावे, आणि त्यांनी पुढच्याच वर्षी असा नकार आणणाऱ्यालाच बहिष्कृत करायचा नियम केला. पिक्चरमधल्या लॉरेन्सच्या प्रवचनातही खऱ्यापेक्षा वेगळंच आहे, तिथे ते म्हणतात की खात्रीपेक्षा शंका असणारा पोप हवा. खऱ्या आयुष्यात 2005 मध्ये डीन रात्झिंगर यांनी निवडणुकीआधीच्या मिस्सात जवळपास उलट सांगितलं होतं, काहीच ठाम न मानणाऱ्या विचारांची हुकूमशाही येतेय म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी तेच पोप झाले.

पिक्चरने जे बरोबर दाखवलंय तेपण सांगायला पाहिजे. प्रत्येक कार्डिनल घडी घातलेली चिठ्ठी वर धरून वेदीपाशी जातो, ख्रिस्ताला साक्षी ठेवून शपथ घेतो, चिठ्ठी तबकात ठेवून भांड्यात सोडतो. मोजताना तिसरा मोजणारा नाव मोठ्याने वाचतो आणि छापलेल्या ‘एलिगो’ (लॅटिनमध्ये ‘मी निवडतो’) शब्दातून सुई घालून चिठ्ठी दोऱ्यात ओवतो, शेवटी गाठ मारतात आणि सगळं जाळतात. अक्षर ओळखू येणार नाही असं लिहायचं, हापण नियम आहे. आणि जेवणखाण बघणाऱ्या सिस्टरपासून सगळ्यांना गुप्ततेची शपथ असते, मोडली तर बहिष्कार. मे 2025 मध्ये तर व्हॅटिकनमधले मोबाइल सिग्नलच बंद केले होते, त्यामुळे पिक्चरमधले लॉरेन्सचे मदतनीस फादर ओमॅली बाहेरून एकेक बातमी आणून देतात ते तिथे चाललं नसतं.

राहिलं शेवटचं, आपल्याला कोण विचारतं. 7 आणि 8 मे 2025 ला 133 जणांनी मतं दिली, 89 लागत होती, चौथ्या फेरीत लिओ चौदावे निवडून आले. त्या 133 मध्ये चार भारतीय होते आणि त्यातले एक गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव. मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी 2013 मध्ये मत दिलं होतं, या वेळी मात्र डिसेंबर 2024 मध्ये 80 पूर्ण झाल्यामुळे त्यांचं मत गेलं, फक्त चार महिन्यांनी, आणि हाच नियम इटलीच्या कार्डिनल रे यांनाही लागला.