ई-वनच्या 2048 मध्ये 1024 शोधू नका

लीज्ड लाइनच्या, म्हणजे दूरसंचार कंपनीकडून एकट्यासाठी भाड्याने घेतलेल्या लाइनीच्या, वेगाचं गणित सांगणारा एक मजकूर बरीच वर्षं फिरतो आहे. कधी परीक्षेच्या नोट्समध्ये, कधी व्हॉट्सॲपवर. त्यातला दावा थोडक्यात असा: 1 एमबी म्हणजे 1024 केबी, म्हणून 2 एमबीच्या (सेकंदाला 2 मेगाबिटच्या) ई-वन लाइनचा वेग 2048 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट). बाइट काढायला त्याला 8 ने भागा, सेकंदाला 256 केबी (किलोबाइट) फाइल उतरलीच पाहिजे. कमी उतरली तर कंपनी वेग चोरते. शेवटी पुरावा एसटीएम-1 चा, म्हणजे अनेक ई-वन एकत्र नेणाऱ्या 155 एमबीच्या लाइनीचा: 155 ला 2 ने भागलं तर 77 ई-वन निघायला हव्यात, मिळतात 63, मग उरलेल्या 14 कोण खातं?

हे आकडे टाकून लिहिलेली तक्रार पहिल्याच उत्तरात निकाली निघते. लाइन खरोखर खराब असली तरी ती बाजूला राहते. म्हणून यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

आधी 2048. उत्तर बरोबर आहे, रीत सपशेल चूक आहे. टेलिफोनवर जाणारा आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधला. मर्यादा 4000 धरायची, तर त्याच्या दुप्पट म्हणजे सेकंदाला 8000 नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना 8 बिटांचा, म्हणून एका संभाषणाला 64,000 बिट. भारताने स्वीकारलेल्या युरोपीय पद्धतीत असे 32 टाइमस्लॉट, म्हणजे आळीपाळीने येणारे वेळेचे कप्पे, एका लाइनीत बसतात. 32 गुणिले 64 म्हणजे 2048. यातला हजार हा हजारच आहे: सेकंदाला 20,48,000 बिट. 1024 ची रीत खरी असती तर 20,97,152 झाले असते.

32 आणि 8 हे दोन्ही आकडे दोनाच्या घातातले, म्हणून 2 गुणिले 1024 शी मेळ बसतो. तो निव्वळ योगायोग आहे. अमेरिकेतली टी-वन घ्या. तिथे 24 स्लॉट, म्हणजे 1536. दीड गुणिले 1024 सुद्धा 1536 च! पण टी-वनचा वेग 1544 आहे. दर फ्रेमला, म्हणजे सगळ्या स्लॉटच्या एका फेरीला, 24 स्लॉटचे 192 बिट आणि फ्रेमची सुरुवात ओळखण्यासाठी 1 जादा, असे 193 बिट सेकंदाला 8000 वेळा जातात. वरच्या 8 किलोबिटांचा हिशेब 1024 ला देताच येत नाही. ई-वनच्या वरच्या पायरीवरच्या 34 एमबीच्या ई-थ्रीचा खरा वेग 34,368 केबीपीएस. 1024 च्या रीतीने तो 34,816 येतो.

आता 256 केबी. फ्रेम्ड, म्हणजे स्लॉटांत विभागलेल्या, ई-वनमध्ये टाइमस्लॉट शून्य डेटाला मिळत नाही. दोन्ही टोकांनी एकमेकांशी जुळून राहावं यासाठी तो लागतो. उरले 31 स्लॉट, म्हणजे 1984 केबीपीएस, सेकंदाला 2,48,000 बाइट. विंडोज केबी मोजताना 1024 ने भागतं, आणि या सगळ्या प्रकरणात 1024 ची योग्य जागा ही एवढीच. भागाकार येतो 242. त्यातून पॅकेटची हेडरं, म्हणजे डेटाच्या पुढे लागणारी पत्त्यासारखी माहिती, वजा करा: 1500 बाइटच्या पॅकेटमध्ये टीसीपी आणि आयपी या इंटरनेटच्या नियमांचे मिळून 40, शिवाय राउटरच्या एचडीएलसी या लाइनीवरच्या बांधणीचे 7. फाइलच्या वाट्याला सेकंदाला साधारण 234 केबी येतात. लाइन अनफ्रेम्ड घेतली तर पूर्ण 2048 वापरता येतो, पण तेव्हाही हेडरं सुटत नाहीत. आणि 16 नंबरचा स्लॉट सिग्नलिंगला, म्हणजे कॉल जोडण्या-तोडण्याच्या सूचनांना, दिलेला असेल तर हिशेब 30 स्लॉटवर करायचा.

8 ने भागण्याचा नियमही सगळीकडे चालत नाही. जुन्या सीरियल पोर्टवर प्रत्येक बाइटमागे एक स्टार्ट आणि एक स्टॉप बिट असतो, म्हणून तिथे 10 ने भागायचं. 9600 चा पोर्ट सेकंदाला 960 बाइटच देतो.

सगळ्यात अन्यायाचा आरोप एसटीएम-1 वर आहे. त्याची फ्रेम म्हणजे बाइटांचा 9 ओळी आणि 270 स्तंभांचा तक्ता. पहिले 9 स्तंभ देखरेख आणि पॉइंटरचे (पॉइंटर म्हणजे आतला डेटा कुठे सुरू होतो ते सांगणारे बाइट), उरले 261. एका ई-वनला 32 बाइट पुरतात, तरी तिला 4 स्तंभ, म्हणजे 36 बाइट दिले जातात. कारण प्रत्येक ई-वन आपापल्या घड्याळावर चालते. दशलक्षामागे 50 ची तफावत मान्य आहे, म्हणजे सेकंदाला शंभरेक बिट इकडे किंवा तिकडे. हे सामावून घ्यायला जादा जागा लागते. शिवाय पॉइंटर आणि चुका मोजणारे बाइट असतात. अशा 3 ई-वनचा एक गट, 7 गटांचा एक मोठा गट, आणि मोठे गट 3. तीन साते एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट. त्यांनी 252 स्तंभ व्यापले. राहिलेले 9 पाथ ओव्हरहेडचे (वाटेच्या देखरेखीचे) आणि भरणीचे. चौदा लाइनी कुणी खाल्लेल्या नाहीत.

उलट या जागेच्या बदल्यात फार मोलाची सोय मिळाली. पूर्वी 34 एमबीच्या प्रवाहातून मधल्या गावासाठी एक ई-वन काढायची तर तो आधी 8 एमबीपर्यंत, मग 2 एमबीपर्यंत उलगडावा लागे आणि उरलेलं पुन्हा बांधावं लागे. एसटीएममध्ये पॉइंटर पाहून हवी ती ई-वन थेट उचलता येते.

तक्रार करायचीच असेल तर आधी राउटरच्या कंट्रोलरवर फ्रेमिंग आणि स्लॉट किती दिलेत ते पाहा. मग लाइन रिकामी असताना एकाच वेळी तीन-चार फाइली उतरवून बेरीज घ्या, कारण लांबच्या किंवा उपग्रहाच्या लाइनीवर एकटी फाइल टीसीपीच्या विंडोमुळेच (पोच येण्याआधी किती डेटा पाठवायचा याच्या मर्यादेमुळे) अडते. बेरीज सेकंदाला 200 केबीच्या खाली राहिली, किंवा स्लिप (घड्याळं न जुळल्याने फ्रेम गळणं किंवा दोनदा येणं) आणि सीआरसी एररचे (तपासणीत सापडलेल्या चुकांचे) आकडे वाढत असले, तर पलीकडच्या टोकाला लूप द्यायला (पाठवलेलं तसंच परत फिरवायला) सांगून बीईआर टेस्टचा, म्हणजे किती बिट चुकतात त्या चाचणीचा, निकाल लेखी मागा.