सासू, विंचू आणि कीबोर्ड

आमच्या इथल्या, लंडनच्या मंडळाच्या गणपतीत यंदा एकनाथांच्या भारुडांवर तासाभराचं म्युझिकल बसवतोय, ढोलकी, कीबोर्ड आणि एक गिटार. तालमीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला तर काकांचा पाच मिनिटांत मेसेज, "संतांना तरी सोडा रे." मग काय, दोन दिवस ग्रुपवर तेच चाललंय.

मी रोज लंडन ब्रिजवरून चालत ऑफिसला जातो. वाटेत बरो हाय स्ट्रीटला टॅलबट यार्ड म्हणून एक बोळ आहे, आत डिलिव्हरी व्हॅन आणि भिंतीवर एक निळी पाटी. टॅबर्ड नावाची सराई इथे होती, सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज कवी चॉसर, त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू इथूनच कँटरबरीच्या यात्रेला निघतात. आपली वारीच म्हणा ना, फक्त वाटेत अभंगांऐवजी गोष्टी, आणि त्यातल्या काही इतक्या चावट की काकांना सांगायची सोय नाही. 1968 ला याच गोष्टींचं लंडनमध्ये म्युझिकल आलं, दोन हजारांच्या वर प्रयोग झाले, आणि गाणी कुणी लिहिली तर ऑक्सफर्डच्या प्रोफेसरने, नेव्हिल कॉगहिलने, ज्याने आधी चॉसर आजच्या इंग्रजीत आणला होता.

म्हणजे जुन्या कवीचं म्युझिकल चालतं की. पण इथे फारसं कुणाला मूळ चॉसर पाठ नाही हो. माझा कलीग पहिली ओळसुद्धा अडखळत वाचतो. काकांना भारुडं तोंडपाठ, म्हणून एक शब्द इकडचा तिकडे झाला की त्यांना खुपतं, आणि ते मला पटतं.

फक्त एक सांगा, "सासू माझी जाच करिते, लवकर निर्दाळी तिला" हे नाथांनी काय देव्हाऱ्यात ठेवायला लिहिलं? भारूड म्हणजे सोंग घेऊन, लोक हसवून सांगायचं. पदर खोचून विंचू चावल्याचं नाटक चारशे वर्षं गावोगाव चाललंय, मग कीबोर्डनेच कसा बाट लागतो?

माझं भांडण झालं ते आमच्याच डिरेक्टरशी. तो म्हणे सासूवर हशा पडतो तिथेच ब्लॅकआउट घेऊ. अरे पण शेवटची ओळ? "एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला", सगळा पाश सुटू दे हे तर तिथे येतं, ते कापलं तर उरली नुसती सासू-सुनेची कॉमेडी, ती टीव्हीवर रोज आहे. तासभर वाद घातला, शेवटी ओळ राहिली, तीही ढोलकी थांबवून, नुसत्या आवाजात.

तो नवीन व्हिडिओ काल ग्रुपवर टाकलाय. काकांची निळी टिक आलीये, मेसेज अजून नाही.